चाकांवरचे बिऱ्हाड आणि बामियानची वाट

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी मराठीत एक म्हण आहे. ज्याला घर नाही, दार नाही, रात्र पडेल तेथेच ज्याचा मुक्काम, अशा माणसाविषयी ती वापरतात, आणि तीत थोडी कीव असते, थोडा उपहासही असतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील हजारो माणसांनी हे बिऱ्हाड आपखुषीने पाठीवर घेतले. एका बुटक्या मोटारीत अंथरूण, चूल आणि पाण्याचे पिंप भरून ती पूर्वेकडे निघाली. इस्तंबूल ओलांडून, तुर्कस्तान, इराण आणि अफगाणिस्तान ह्या देशांतील प्राचीन अवशेषांच्या पायथ्याशी आणि निर्जन माळांवर रात्री काढीत ती भारतापर्यंत पोहोचली. १९५० नंतर हळूहळू वाहती झालेली ही वाट १९७९ मध्ये बंद पडली. इतिहासाच्या मोजमापाने तिचे आयुष्य क्षणाचे. तरीही तिची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. कारण ज्या अवशेषांसमोर ही फिरती घरे उभी राहिली, त्यांपैकी काही आज जगात नाहीत.

फिरत्या घराची हौस मोटारीहून जुनी आहे. डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून महोगनी लाकडाचे एक घर चाकांवर बांधवून घेतले आणि त्याचे नाव ठेवले ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. दोन घोडे जुंपलेली ही गाडी घेऊन ते दक्षिण इंग्लंडमधील आपल्या गावाहून निघाले ते थेट स्कॉटलंडच्या उत्तरेस इनव्हरनेसपर्यंत गेले. बरोबर एक सेवक, एक गाडीवान, एक कुत्रा आणि एक पोपट, असा त्यांचा परिवार होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ह्या तेराशे मैलांच्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. तोवर चाकांवरच्या घरात राहणे हे जिप्सींचे आणि फेरीवाल्यांचे जिणे मानले जात असे. सुखवस्तू माणसाने केवळ पाहण्यासाठी तसे राहावे, ही कल्पना त्या पुस्तकाने इंग्लंडात रुजविली. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांची एक संस्थाही तेथे स्थापन झाली आणि स्टेबल्स तिचे उपाध्यक्ष झाले.

ही हौस आशियाच्या वाळवंटात आली ती मात्र एका मोठ्या उद्योगाच्या लवाजम्यासह. फ्रान्समधील सित्रोएन ह्या मोटार कारखान्याने जॉर्ज-मारी हार्द ह्यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम आखली. तिच्या गाड्यांना पुढे चाके आणि मागे रबरी पट्टे होते, आणि सामानासाठी जोडगाड्या होत्या. ४ एप्रिल १९३१ रोजी ही मोहीम बैरूतहून निघाली. दमास्कस, बगदाद, तेहरान, हेरात आणि काबूल अशी मजल मारीत ती काश्मीरपर्यंत आली. तेथून दोन गाड्या गिलगिटपर्यंत नेण्यात आल्या. वाटेत जेथे रस्ता तुटला होता तेथे त्या सुट्या करून हमालांच्या खांद्यांवरून न्याव्या लागल्या. चीनच्या बाजूने आलेल्या दुसऱ्या तुकडीस भेटून मोहीम १२ फेब्रुवारी १९३२ रोजी पेकिंगला पोहोचली. तिच्यात चित्रकार होते, भूगर्भशास्त्रज्ञ होते, आणि बामियानच्या बौद्ध अवशेषांचा अभ्यास केलेले पुराणवस्तुसंशोधक जोसेफ हाकँही होते. परंतु अशा मोहिमेस राजांचे परवाने, धनिकांचे द्रव्य आणि डझनावारी यंत्रज्ञ लागत. शाळामास्तराला किंवा कारकुनाला ती वाट मोकळी नव्हती.

ती मोकळी केली एका साध्या गाडीने. १९४७ मध्ये बेन पॉन नावाचे एक डच मोटारव्यापारी जर्मनीत फोक्सवॅगनच्या कारखान्यात गेले असता त्यांनी टिपणवहीत एका पेटीवजा गाडीची आकृती काढली. त्या आकृतीवरून तयार झालेली गाडी मार्च १९५० मध्ये कारखान्यातून बाहेर पडू लागली. आरंभी तिचे सामर्थ्य अवघे पंचवीस अश्वशक्तीचे होते. पण तिचे इंजिन मागच्या बाजूस होते आणि ते वाऱ्याने थंड होई. त्यात पाणी घालावे लागत नसे. जेथे पिण्यासही पाणी दुर्मिळ, तेथे उकळून जाण्यासारखे पाणीच इंजिनात नसणे हा मोठा गुण ठरला. १९५१ पासून वेस्टफालिया ह्या जर्मन कारखान्याने तिच्या आत बसविण्यासाठी झोपण्याची बाके, कपाटे आणि स्वयंपाकाची सोय असलेला सरंजाम बनविण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्येही बेडफर्ड गाडीचे छत वर उचलता येईल अशी रचना करून फोकस्टन येथील कारखान्याने डॉर्मोबील नावाची फिरती घरे विकण्यास काढली. ज्यांना ही परवडत नसत ते जुनी टपालगाडी किंवा मोडीत निघालेली बस विकत घेत आणि तीत स्वतःच्या हातांनी फळ्या ठोकीत.

गाडी मिळाली तरी रस्ता हवा; आणि रस्त्याची कथा गाडीहून विलक्षण आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिका आणि सोव्हिएत संघ ह्या दोन महासत्तांची चढाओढ अफगाणिस्तानातही चालू होती, आणि तिला तेथे रस्ते बांधण्याचे रूप आले होते. हेरात ते कंदाहार हा रस्ता सोव्हिएत अभियंत्यांनी काँक्रीटचा केला, तर कंदाहार ते काबूल हा रस्ता अमेरिकनांनी डांबराचा केला. हिंदुकुशाच्या शिरावरून जाणाऱ्या सालंगच्या घाटात सोव्हिएत मदतीने खोदलेला बोगदा १९६४ मध्ये खुला झाला. पूर्वी ज्या अंतरास उंटांच्या तांड्याला कित्येक आठवडे लागत, ते आता एका कुटुंबाची गाडी दोन दिवसांत काटू लागली. पश्चिमेच्या टोकासही तोच बदल झाला. ऑक्टोबर १९७३ पर्यंत युरोपातून आशियात जाण्यासाठी इस्तंबूल येथे गाडी नावेवर चढवावी लागे. त्या महिन्यात बॉस्फरसवरचा पूल वाहतुकीस खुला झाला, आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणे ही काही मिनिटांची गोष्ट झाली.

ह्या प्रवाशांचा दिनक्रम साधा असे. इस्तंबूलमध्ये सुलतान अहमद मशिदीजवळ १९५७ मध्ये उघडलेले लाले नावाचे एक उपाहारगृह होते. प्रवासी त्याला ‘पुडिंग शॉप’ म्हणत. त्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर चिठ्ठ्या लावलेल्या असत: कोणाला सोबत हवी, कोणाला गाडी विकायची, कोणाला घरचा निरोप पोहोचवायचा. तेथून पुढे गाडीच हेच घर. दिवसा चालावे, सूर्य मावळण्यापूर्वी पाण्याजवळची जागा पाहावी, रॉकेलच्या चुलीवर भात किंवा बटाटे शिजवावेत, आणि दार ओढून निजावे. पुष्कळदा ही जागा एखाद्या पडक्या सराईजवळ असे. इराणात शतकानुशतके बांधल्या गेलेल्या सराया बहुधा तांड्याच्या एका दिवसाच्या मजलेइतक्या अंतरावर असत. उंटांची जागा चाकांनी घेतली, तरी थकलेल्या माणसाला थांबावेसे वाटणारी ठिकाणे बदलली नव्हती.

तुर्कस्तानच्या पूर्व टोकास ५१३७ मीटर उंचीचा अरारात पर्वत आहे. बाराही महिने बर्फाने झाकलेला हा एकाकी डोंगर सपाट माळावर एकदम उभा राहतो. त्याच्याजवळच, डोंगराच्या एका सोंडेवर, इशाक पाशाचा अठराव्या शतकातील राजवाडा आहे. इराणची सरहद्द ओलांडण्यापूर्वी अनेक गाड्या तेथे मुक्काम करीत. युरोपातील जुनी स्थाने कुंपणात, तिकिटाच्या खिडकीमागे आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पाहिलेल्या माणसाला येथे प्रथमच काही निराळे जाणवे. रात्री कोल्ह्यांची ओरड, पहाटे मेंढपाळांचे कुत्रे, आणि डोळे उघडताच खिडकीत शिल्पांनी भरलेले एक दगडी प्रवेशद्वार. पुस्तकात अवशेष आणि रान ही दोन प्रकरणे वेगळी असतात. ह्या वाटेवर त्यांची फारकत झालेली नव्हती. एखादी वास्तू कोणत्या डोंगराच्या आडोशाने उभी आहे, तिला पाणी कोठून येत असेल, शत्रू कोणत्या खिंडीतून आला असेल, हे तेथे रात्र काढणाऱ्यालाच उमजते.

इराणात पोहोचल्यावर बहुतेकांची पावले पर्सिपोलिसकडे वळत. इ. स. पूर्व ५१८ च्या सुमारास दारयवहु ह्या सम्राटाने कूह-ए-रहमत डोंगराच्या पायथ्याशी हे राजपीठ उभारण्यास आरंभ केला, आणि इ. स. पूर्व ३३० मध्ये सिकंदराच्या स्वारीत ते जळाले. त्याच्या अपादाना नावाच्या सभागृहात एके काळी ७२ स्तंभ होते; आज १३ उभे आहेत. सभागृहाच्या जिन्यावर साम्राज्यातील तेवीस प्रजांची शिष्टमंडळे भेटी घेऊन येताना कोरलेली आहेत. त्यांत सिंधूकाठचे लोकही आहेत. त्यांच्याबरोबर गाढव आहे, आणि एकाच्या खांद्यावर चक्क कावड आहे. तिच्या दोन्ही पारड्यांतील पिशव्यांत सोन्याची धूळ असावी, असे विद्वान मानतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती कावड पाहताना हिंदी माणसाला परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

ह्याच पर्सिपोलिसने दोन प्रकारचे प्रवासी पाहिले आहेत, आणि दोघांचाही मुंबईशी संबंध आहे. पहिला कार्स्टन नीबूर. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानच्या अभ्यासासाठी पाठविलेल्या सहा जणांपैकी तो एक. पाच जण वाटेत मरण पावले, आणि उरलेला नीबूर मुंबईत राहिला. तेथे त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली आणि आकृत्या काढल्या. १७६४ च्या अखेरीस तो मुंबईहून जहाजाने निघाला आणि मार्च १७६५ मध्ये पर्सिपोलिसला पोहोचला. तेथे कित्येक दिवस उन्हात बसून, डोळ्यांना त्रास होईपर्यंत, त्याने शिलालेखांच्या नकला उतरून घेतल्या. ती लिपी त्याला वाचता येत नव्हती. परंतु त्याने एकही खूण मनाने बदलली नाही. ह्या नकला छापून निघाल्या, आणि त्यांच्या आधारे १८०२ मध्ये ग्रोटेफेंड ह्या जर्मन शिक्षकाने प्राचीन फारसी कीलाक्षरांचा पहिला उलगडा केला. दुसरा प्रवासी हेन्री स्टॅन्ली, लिव्हिंग्स्टनच्या शोधामुळे पुढे कीर्ती पावलेला वार्ताहर. १८७० मध्ये पर्सिपोलिसहून जाताना त्याने प्रवेशद्वाराच्या दगडावर आपले नाव, आपल्या वृत्तपत्राचे नाव आणि साल कोरले, आणि मग मुंबईस येऊन तो आफ्रिकेकडे निघून गेला. ते नाव अद्याप तेथे आहे. एकाने दगडावरचे अक्षर घरी नेले. दुसऱ्याने आपले अक्षर दगडावर ठेवले. फिरत्या घरातून आलेल्या प्रत्येकापुढे हे दोन्ही मार्ग उघडे होते.

तेथे तंबूंचेही दोन प्रकार दिसले. ऑक्टोबर १९७१ मध्ये इराणच्या शहाने आपल्या राजसत्तेच्या अडीच हजार वर्षांचा उत्सव ह्याच अवशेषांजवळ केला. पॅरिसहून आणलेले तंबू, पॅरिसहूनच आणलेली पक्वान्ने, आणि देशोदेशींचे राजे व राष्ट्राध्यक्ष, असा तो थाट होता. आठ वर्षांच्या आत ती राजसत्ता संपली. अवशेषांच्या साक्षीने स्वतःच्या चिरंतनत्वाची ग्वाही देणे किती धोक्याचे असते, ह्याचा हा धडा पर्सिपोलिसने दुसऱ्यांदा दिला.

इराणातून पुढे वाटेला दोन फाटे फुटत. एक दक्षिणेकडून, केरमान आणि बम ह्या शहरांवरून, लूत वाळवंटाच्या कडेने क्वेट्ट्याकडे जाई. बम येथे मातीच्या कच्च्या विटांचा अफाट किल्ला होता. तट, बाजार, घोड्यांच्या पागा, मशीद आणि शेकडो घरे, सारे एकाच रंगाच्या मातीचे. आणि भोवती भूमिगत कालव्यांच्या पाण्यावर वाढलेल्या खजुरीच्या बागा. एकोणिसाव्या शतकात वस्ती बाहेर सरकली आणि किल्ला ओस पडला, तरी त्याचा आकार जवळजवळ शाबूत होता. दुसरा फाटा उत्तरेकडून, मशहद आणि हेरात ह्यांवरून कंदाहारास आणि काबूलास जाई, आणि तेथून खैबर खिंडीतून पेशावरला उतरे. ह्याच फाट्यावरून, काबूलच्या वायव्येस कच्च्या घाटरस्त्याने डोंगरांत शिरले की बामियानची दरी लागे.

बामियान म्हणजे ह्या वाटेचे हृदय. तेथे सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, हिंदुकुश आणि कोह-इ-बाबा ह्या पर्वतांच्या मध्ये, तांबूस कड्यांची एक लांबच लांब भिंत आहे. तिच्यात शेकडो लेणी कोरलेली आहेत, आणि इ. स. च्या सहाव्या व सातव्या शतकांत तीतच बुद्धाच्या दोन उभ्या प्रतिमा खोदल्या गेल्या: एक ५५ मीटर उंच, दुसरी ३८ मीटर. भारत, इराण आणि चीन ह्यांच्या दरम्यान जाणारे व्यापारी येथे विसावत. त्यांच्या दानावर विहार पोसले गेले, जसे सह्याद्रीच्या घाटवाटांवरचे विहार पोसले गेले होते. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग इ. स. ६३० च्या सुमारास येथे आला आणि प्रतिमांच्या सोनेरी झळाळीचे वर्णन करून गेला. दहा-अकरा वर्षांनी तोच महाराष्ट्रात पोहोचला, तेव्हा येथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. बामियान आणि महाराष्ट्र ह्या दोहोंचे वर्णन एकाच प्रवासवृत्तांतात सापडते, ते ह्यामुळे. पुढे १२२१ मध्ये चंगीजखानाच्या वेढ्यात त्याचा नातू मारला गेला, आणि त्याने दरीतील वस्तीची कत्तल केली. प्रतिमांसमोरच्या टेकडीवर त्या उद्ध्वस्त नगराचे अवशेष आजही आहेत.

१९६० आणि १९७० च्या दशकांत ह्या दरीत, पॉप्लरच्या झाडांखाली, फिरती घरे उभी राहू लागली. सकाळचे ऊन कड्यावर आले की दोन्ही कोनाडे उजळत. डोंगराच्या पोटातून कोरलेल्या जिन्याने माथ्यापर्यंत चढून जाता येई, आणि बुद्धाच्या मस्तकाशी उभे राहून कोनाड्याच्या छतावरची चित्रे पाहता येत. धाकट्या प्रतिमेच्या छतावर रथारूढ सूर्यदेव रंगविलेला होता. ह्याच काळात तेथे भारतीय माणसेही काम करीत होती. १९६९ ते १९७७ ह्या वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी अफगाण सहकाऱ्यांबरोबर ह्या प्रतिमांचे आणि चित्रांचे जतन केले. कड्याला गेलेल्या भेगा बुजविणे, ढासळणाऱ्या भागांना आधार देणे, काजळीखालची चित्रे स्वच्छ करणे, असे ते चिकाटीचे काम होते. पश्चिमेकडून पाहण्यासाठी आलेले आणि पूर्वेकडून राखण्यासाठी आलेले, असे दोन्ही प्रवासी त्या वर्षांत एकाच दरीत होते.

बामियानपासून पश्चिमेस सुमारे पंचाहत्तर किलोमीटर गेले की बंद-इ-अमीरची सहा सरोवरे लागतात. उघड्याबोडक्या डोंगरांत गडद निळ्या पाण्याचे हे साठे कोणी बांधलेले नाहीत. झऱ्यांच्या पाण्यात विरघळलेला चुना हजारो वर्षे काठाकाठाने साचत गेला आणि त्याचेच बांध उभे राहिले. पाणी आता त्या बांधांवरून ओसंडते. जून १९३९ मध्ये जिनीव्हाहून फोर्ड मोटारीने निघालेल्या एला मायार आणि आनेमारी श्वार्झेनबाख ह्या दोन स्विस लेखिका महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ह्याच प्रदेशात होत्या. युरोप पेटत असताना त्यांनी ही शांतता पाहिली. पुढे मायार युद्धाची वर्षे दक्षिण भारतात राहिल्या.

पेशावरहून लाहोर, अमृतसर, दिल्ली. आणि मग कोणी काठमांडूस, कोणी गोव्यास. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाल्यावर कळंगुट आणि हणजूण येथील किनारे ह्या वाटेचे एक टोक बनले. हजारो मैलांची धूळ अंगावर घेतलेल्या गाड्या माडांच्या सावलीत येऊन थांबत. १९७२ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण दांपत्य लंडनहून एक जुनी मोटार घेऊन निघाले. अफगाणिस्तानात ती विकून त्यांनी पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने केला. १९७३ मध्ये त्यांनी काढलेल्या पातळ पुस्तिकेतूनच पुढे ‘लोनली प्लॅनेट’ ही प्रवासपुस्तकांची प्रसिद्ध प्रकाशनसंस्था जन्मास आली.

ह्या प्रवाशांना साधुत्व देण्याचे कारण नाही. त्यांतील अनेकांना अवशेषांपेक्षा अफूचरसाची ओढ अधिक होती. ज्या गावांत पाहुण्याला भाकरी देणे हा धर्म, तेथे पाहुणचाराचा गैरफायदा घेणारेही होते. काबूलच्या बाजारातून जुनी नाणी आणि मूर्तींचे तुकडे विकत घेऊन गाडीच्या फळ्यांखाली लपवून नेणाऱ्यांनी तर त्या देशाचा इतिहासच चोरला. आणि ज्या दारिद्र्याला ते साधेपणा म्हणून भुलले, ते दरीतील हजारा शेतकऱ्यांना निवडून घेता आले नव्हते. गाडी सुरू करून तेथून निघून जाण्याची मुभा फक्त पाहुण्यालाच होती. हा हिशेब मांडल्याशिवाय त्या वाटेचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

वाट बंद झाली ती एका वर्षात. एप्रिल १९७८ मध्ये काबूलात रक्तरंजित सत्तांतर झाले. जानेवारी १९७९ मध्ये शहाने इराण सोडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. त्याचे रणगाडे सालंगच्या बोगद्यातून आणि हेरातच्या रस्त्यावरून आले, म्हणजे सोव्हिएत अभियंत्यांनीच बांधून दिलेल्या वाटांवरून. सप्टेंबर १९८० मध्ये इराण-इराक युद्ध पेटले. ज्या चढाओढीने रस्ता बांधला, तिनेच तो मिटविला. फिरती घरे ओसरली. मागे राहिली ती दरीतील माणसे आणि दगड.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मार्च २००१ मध्ये तालिबानच्या हुकमाने बामियानच्या दोन्ही प्रतिमा सुरुंगांनी उडविल्या गेल्या. चंगीजखानानंतरही आठशे वर्षे उभे असलेले बुद्ध काही दिवसांत ढिगारा झाले. २६ डिसेंबर २००३ च्या पहाटे बमला भूकंप झाला; पंचवीस हजारांहून अधिक माणसे दगावली आणि मातीचा तो किल्ला मातीस मिळाला. पहिली घटना माणसाच्या द्वेषाची, दुसरी भूमीच्या हालचालीची. पण बमच्या बाबतीत जग तेथे जाऊ शकले. देशोदेशींचे तज्ज्ञ आले, कच्च्या विटा पुन्हा थापल्या गेल्या, आणि २०१३ मध्ये बमचे नाव धोक्यातील जागतिक वारशाच्या यादीतून काढण्यात आले. बामियानचे दोन्ही कोनाडे रिकामेच आहेत.

तथापि, बुद्धाची आकृती अगदीच नाहीशी झालेली नाही. २००१ नंतर स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी मोठ्या प्रतिमेचे मापनिष्ठ प्रतिरूप संगणकावर तयार करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी लागणारी साधने कोठून मिळाली? काही छायाचित्रे महाजालावर विखुरलेली होती, तर काही एका पर्यटकाने १९६५ ते १९६९ ह्या वर्षांत काढलेली होती. ती उपयोगी पडली, पण त्यांवरून बारकावे नेमके उतरेनात. अचूक प्रतिरूप साधले ते ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कोस्तका ह्या प्राध्यापकांनी १९७० च्या ऑगस्टमध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या तीन छायाचित्रांवरून. प्रतिमेच्या वस्त्राच्या चुण्यासुद्धा त्यांतून पुन्हा आकारास आणता आल्या. वाट मोकळी होती, म्हणून ते तेथे पोहोचले. आणि पोहोचल्यावर त्यांनी नीबूरचा मार्ग धरला, म्हणून आज काही हाती उरले.

अवशेष आणि वाट ह्यांचे नाते ह्याहून स्पष्ट दिसणार नाही. बामियान वाटेमुळे जन्मले. व्यापाऱ्यांचे तांडे नसते तर तो कडा नुसता कडाच राहिला असता. वाट खुली असते तेव्हा चोरही येतो, नाव कोरणाराही येतो. पण राखणारा आणि नोंदणाराही त्याच वाटेने येतो. ती मिटली की दगड एकटा पडतो, आणि त्याच्या बाजूने बोलणारे दूर कोठेतरी हळहळत राहतात. दगड चिरंतन आणि माणूस क्षणभंगुर, ही समजूत त्या दरीत खोटी ठरली. तेथे पंधरा शतकांची मूर्ती गेली, आणि एका उन्हाळ्यात तेथे येऊन गेलेल्या माणसाच्या तीन काचा मात्र राहिल्या.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याला बरोबर फारसे नेता येत नाही. गाडीत जागाच नसते. म्हणूनच काय न्यावे आणि मागे काय ठेवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे इतरांहून अधिक रोखठोकपणे उभा राहतो. जुन्या लेण्यापुढे, पडक्या गडापुढे किंवा निर्जन सरोवरापुढे जो कोणी आज गाडी उभी करील, त्यालाही त्याचे उत्तर द्यावेच लागेल. मग ते सरोवर हिंदुकुशातले असो, की तो गड सह्याद्रीतला.